वाणीचे मोल

काही दिवसांपूर्वी एक तरुण भेटावयास आला. शाळेतील नोकरी सोडून त्याने व्याख्याने देणे हाच व्यवसाय पत्करला आहे. महाविद्यालये, बँका, कारखाने यांच्याकडून त्याला बोलावणी येतात. मानधन आधी ठरते, प्रवासखर्चही मिळतो. बोलतो तो उत्तम. परंतु त्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला होता. एका कारखान्यात कामगारांपुढे ‘समाधानी वृत्ती’ या विषयावर त्याला बोलावयाचे होते, आणि त्या कामगारांचा पगार दोन महिने थकला आहे हे त्याच्या कानी आले होते. तो म्हणाला, “सर, मी बोलतो ते मला खरे वाटते म्हणून, की त्याचे पैसे मिळतात म्हणून, हे हल्ली माझे मलाच कळेनासे झाले आहे. पैसे घेणेच बंद करू का?”

मला लगेच उत्तर सुचले नाही. ते शोधू लागलो तेव्हा पंडिता रमाबाईंचे कोलकात्यातील, म्हणजे तेव्हाच्या कलकत्त्यातील, दिवस आठवले.

रमाबाईंची महती आपण जाणतो; परंतु त्या पुराणिकाच्या घरात वाढल्या, हे सहसा ध्यानात घेत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत. देवळात किंवा नदीकाठी बसून संस्कृत ग्रंथ मोठ्याने वाचावयाचा, येणाऱ्याजाणाऱ्याने फुले, फळे, पैसे पोथीपुढे ठेवावयाचे, असा तो चरितार्थ. रमाबाईंनी पुढे १९०७ साली आपल्या आत्मकथनात या व्यवसायाचे मोठे निर्भीड वर्णन केले आहे. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना संस्कृत कळे, आणि त्यांना कळते की नाही याची वाचणाराला फिकीर नसे. श्रोत्याला पुण्य हवे होते आणि वाचकाला दक्षिणा. दोघांचीही गरज अर्थाविना भागत होती. मग दुष्काळ आला, दक्षिणा आटली. दुसरे कोणतेही काम या कुटुंबाला येत नव्हते, आणि हलके काम करण्यास कुळाचा अभिमान आड येत होता. त्या हालअपेष्टांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली.

उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत आहेत, हे पाहून तेथील विद्वान चकित झाले. त्यांनी परीक्षा घेऊन तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. जी वाणी कालपर्यंत चार पैशांना विकली जात होती, तिच्यासाठी आता सभागृहे भरू लागली.

आपल्या भाषेतला ‘मानधन’ हा शब्द मोठा बोलका आहे. वक्त्याला दोन गोष्टी मिळतात, मान आणि धन. धन नाकारणारे पुष्कळ आढळतात. मान नाकारणारा विरळा. कलकत्त्याने रमाबाईंना दिला तो मान होता, आणि अनेक वक्त्यांची वाटचाल नेमकी येथेच थांबते. टाळ्या कोणत्या वाक्याला पडतात हे एकदा कळले, की मनुष्य तेच वाक्य गावोगावी बोलत राहतो.

रमाबाईंचे तसे झाले नाही, आणि याला कारण एक व्याख्यानच ठरले. पडद्यातील स्त्रियांपुढे शास्त्रांनी सांगितलेल्या स्त्रीधर्मावर बोलावे, अशी त्यांना विनंती करण्यात आली. विषय यजमानांनी ठरविलेला होता. ठराविक चार गोष्टी सांगितल्या असत्या तर सर्वांचे समाधान झाले असते. परंतु ठाऊक नसलेल्या गोष्टीवर बोलावयाचे नाही म्हणून त्यांनी कलकत्त्यात छापलेले धर्मशास्त्राचे ग्रंथ विकत आणले आणि वाचले. इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना हीन ठरविण्यात मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळले. इतरांना सांगण्यासाठी उघडलेल्या ग्रंथांनी प्रथम त्यांचीच झोप उडविली. १८८० साली त्यांनी ज्यांची जात शूद्र गणली जाई अशा बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. त्या काळी याची किंमत काय होती, हे सांगावयास नको.

वक्त्याचा पहिला श्रोता तो स्वतः असतो. पुराणिक आणि रमाबाई यांच्यातील अंतर येथे आहे. पुराणिक स्वतःचे शब्द ऐकत नव्हता, रमाबाईंनी ऐकले.

पुढे रमाबाईंनी व्याख्यानांतून पैसा उभा केला, आणि तोही थोडा नव्हे. १८८६ पासून अमेरिकेत शहरोशहरी बोलून त्यांनी हिंदुस्थानातील विधवांची स्थिती लोकांपुढे मांडली. बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली, तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. मात्र सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा वादळ उठले. आपल्या खोलीचे दार लावून घेण्यास त्या तयार झाल्या नाहीत आणि १८९३ साली सल्लागार मंडळातील मोठमोठ्या माणसांनी अंग काढून घेतले. त्या वादात कोणाचे किती चुकले हा प्रश्न वेगळा. आपल्यापुरते इतके पाहावे की, मान आणि धन दोन्ही जाण्याची वेळ आली तरी रमाबाई दाराआड गेल्या नाहीत.

संत पौलाची रीतही अशीच दिसते. शुभवार्ता सांगणाऱ्याला त्यातून उपजीविका करण्याचा अधिकार आहे, हे त्याने करिंथकरांना निक्षून सांगितले; पण त्याच करिंथात तो तंबू शिवून पोट भरत होता. मासेदोनियाच्या बांधवांकडून मात्र त्याने साहाय्य घेतले. पैसा त्याला विटाळ वाटत नव्हता. आपले तोंड कोणाच्या हाती राहू नये, एवढीच काळजी तो घेत होता.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले, “मोबदला सोडण्याचे कारण नाही. शिक्षक घेतो, वैद्य घेतो, तुम्हीही घ्या. परंतु ज्या दिवशी खरे बोलल्याने तो बुडेल, त्या दिवशी तो बुडू देता यावा, अशी सोय मात्र आधी करून ठेवा. शिकविण्याची कला हातून जाऊ देऊ नका. आणि त्या कारखान्यात बोलण्यापूर्वी एकदा कामगारांना भेटून या.”

परवा त्याचे पत्र आले. तो कामगारांना भेटला. नंतर त्याने विषय बदलून देण्याची विनंती केली, तेव्हा बोलावणेच रद्द झाले. मानधन गेले, पुढील दोन व्याख्यानेही गेली. हल्ली तो संध्याकाळी दोन शिकवण्या घेतो. पत्रात तक्रार नव्हती. शेवटी एवढेच लिहिले होते की, पुष्कळ दिवसांनी आपला आवाज आपल्याला ओळखीचा वाटला.