बूट कुणाच्या पायात तुटतात?

मोचीकाकांनी उजवा बूट हातात घेतला, तळ आणि चामडं यांच्यामधल्या करड्या थरात अंगठ्याचं नख रोवलं आणि जरासं ओढलं. शिळ्या केकसारखा त्याचा भुगा पडला. "चिकटवून देतो की," ते म्हणाले, "पण कशाला चिकटवू? सोल्युशनला धरायला काहीतरी पाहिजे ना."

बूट आठ वर्षांपूर्वीचे. राजगड, तोरणा, कळसूबाई, हरिश्चंद्रगड असे बरेच डोंगर या जोडीने पाहिले. वरचं चामडं अजून धड होतं. मधली दोन वर्षं ट्रेक जवळपास बंद होते, तेव्हा मी ते पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. वापरले नाहीत म्हणजे वाचले, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात उलटं झालं. अशा बुटांचा मधला थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. हवेतलं बाष्प या फोममधल्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जातं. रसायनशास्त्रात याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमटपणा असेल तर हे काम भराभर होतं आणि बंद पिशवीत अडकलेला ओलावा त्याला मदतच करतो. म्हणजे बूट वापरून झिजतात आणि न वापरताही मरतात.

आता प्रश्न साधा होता: दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे? काकांनी दोन पर्याय दिले. वरवर चिकटवून, कडेने शिवून द्यायचे तीनशे रुपये. किंवा जुना तळ पूर्ण खरवडून नवा बसवायचा, त्याचे चौदाशे. नवे बूट पाच हजारांच्या आसपास.

मी सवयीने म्हणालो, "काका, चौदाशे जरा जास्त होतात." म्हणालो आणि ओशाळलो. दुकानात पाच हजारांच्या छापील किमतीवर मी चकार शब्द काढला नसता. त्या किमतीत कारखान्यातल्या कामगाराचा वेळ असतो, पण तो दिसत नाही. काकांचा वेळ मात्र माझ्यासमोर बसलेला असतो, हातात आरी आणि रापी घेऊन. घासाघीस करता येते ती जो समोर दिसतो त्याच्याशीच. दुरुस्ती 'महाग' वाटण्यामागे या न दिसण्याचा वाटा मोठा आहे.

पर्यावरणाचा हिशोब दुरुस्तीच्याच बाजूने जातो. एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ साली धावण्याच्या बुटांच्या एका जोडीचा अभ्यास केला होता. तिच्या सगळ्या आयुष्यात मिळून सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होतं आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग बूट बनवतानाच खर्ची पडतो, असं त्यांना आढळलं. ट्रेकिंगचे बूट वेगळे असले तरी मुद्दा कळतो: बूट एकदा बनला की बराचसा धूर सोडून झालेला असतो, मग तो जितका जास्त चालेल तितकं बरं.

पण दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. पावसाळ्यात मी दहा-बारा नवख्यांना घेऊन जातो. शेवाळलेल्या कातळावर माझा तळ सुटला तर पडणारा मी एकटा नसतो. मागे दोर धरलेला माणूस असतो, गड उतरायला अजून तीन तास असतात आणि अंधार पडत असतो. तिथे 'वस्तू शेवटपर्यंत वापरावी' हे तत्त्व सांगून काही उपयोग नाही. माझ्या काटकसरीची किंमत दुसऱ्याच्या घोट्याने का मोजावी?

इथपर्यंतचा विचार कुणीही करेल. मला खरी टोचणी लागली ती तिसऱ्या पर्यायाने. घरी तो लगेच सुचवला गेला: "नवे घे आणि हे कुणाला तरी देऊन टाक. उपयोगी पडतील."

हे मी पूर्वी केलेलं आहे. याच्या आधीची जोडी, असाच तळ सैल झालेली, मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या एका गावातल्या मित्राला दिली होती. तो माझ्याच वयाचा, आठवड्याला दोन-तीन वेळा गट घेऊन वर जाणारा, पायात चप्पल. बूट देताना मला फार छान वाटलं होतं. एकाच फटक्यात घरातली अडगळ गेली, वस्तू वाया गेली नाही आणि वर दानाचं समाधान. पुढच्या पावसाळ्यात भेटलो तेव्हा तो हसत म्हणाला, "दादा, तुमच्या बुटांनी पाण्यात जीव सोडला." गट घेऊन उतरताना एक तळ आख्खा निघाला होता. तो उरलेली वाट अनवाणी आला. त्याला काही झालं नव्हतं. पण ज्या बुटांवर पाय टाकायची माझी हिंमत नव्हती, ते मी अशा माणसाला दिले होते जो माझ्यापेक्षा पाचपट जास्त वेळा ती वाट चढतो. धोका नाहीसा झाला नव्हता, त्याने फक्त पत्ता बदलला होता. आणि त्या पत्ताबदलाला मी औदार्य म्हणत होतो.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्या आनंदाला पाचशे वस्त्रं दान देतात. राजा विचारतो, इतक्या वस्त्रांचं करणार काय? आनंद म्हणतो, ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जीर्ण चीवरांचं काय? त्यांची आच्छादनं करू. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणं, मग पायपुसणी, मग फडकी. शेवटी फडकी कुटून मातीत मळू आणि त्याने जमीन सारवू.

हा प्रसंग सहसा काटकसरीचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला त्यात आता दुसरी गोष्ट दिसते. आनंद वाटतो ती नवी वस्त्रं. जुनी तो कुणाच्या माथी मारत नाही, ती संघाजवळच राहतात आणि तिथेच झिजून संपतात. आपल्याकडच्या गोधडीचंही हेच आहे. आजीचं लुगडं फाटलं की ते घरातच गोधडीत जातं आणि पांघरतो आपणच. वस्तूचं म्हातारपण ज्याने तिचं तारुण्य वापरलं त्याने सांभाळायचं. मी नेमकं उलटं केलं होतं. चांगली वर्षं मी घेतली आणि म्हातारपण दुसऱ्याला दिलं.

म्हणून 'दुरुस्ती की नवे' हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. त्याच्या आधी विचारायला हवं की या बुटांचा शेवट कुणाच्या पायात होणार आहे. उत्तर 'माझ्या' असेल तर दोन्ही पर्याय प्रामाणिक असू शकतात. 'कुणाच्या तरी' असेल तर दोन्ही अप्रामाणिक. नवे घेऊन जुने कचऱ्यात टाकणं हेही देणंच आहे, फक्त घेणारा आपल्याला माहीत नसतो.

यावर कुणी म्हणेल, मग जुनं काही कुणाला द्यायचंच नाही का? द्यावं की. पण जी वस्तू आपण उद्या स्वतः निर्धास्त वापरू, तीच. निदान तिचा दोष सांगून द्यावी आणि समोरच्याला नको म्हणायची मुभा असावी. माझ्या मित्राला मी तळाबद्दल काही बोललो नव्हतो. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढायची आपल्याकडे रीत नाही. त्या रीतीचा फायदा मी घेतला.

मागच्या महिन्यात त्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या मापाचे नवे बूट घेऊन येतो. तो जरा थांबला. "बूट नकोत दादा. चपलेची सवय आहे. त्यापेक्षा माणशी पन्नास रुपये वाढवा, मग मी माझं बघतो." मी बुटांचा विचार करत होतो, तो मजुरीचा. त्याचंच बरोबर होतं. पन्नास वाढवले.

काकांना चौदाशे दिले, घासाघीस न करता. नवा तळ बसवून त्यांनी कडेने शिलाई घातली, आणि टाका जमिनीला घासू नये म्हणून आधी रापीने तळाला खाच पाडली. "महिनाभर जवळपास चाला, मग डोंगरावर न्या," म्हणाले. सध्या रोज सकाळी वेताळ टेकडीवर तेच घालून जातो. डावा अजून थोडा करकरतो. गट न्यायची वेळ येईल तेव्हा तळ वाकवून, नख रोवून बघेन. शंका आली तर त्या दिवसापुरते नवे घेईन, पण हे माझ्याकडेच राहतील. पुढे कधीतरी चामडंही जाईल. तेव्हा त्यातले धड तुकडे ठिगळांना चालतील का, हे काकांना आत्ताच विचारून ठेवलंय. "आणा," ते म्हणाले, "आधी बघू दे, मग सांगतो."