हवा

वयाच्या साठीनंतर माणसाने काय काय करू नये, याची यादी आमच्या घरी तयारच असते. पण 'कलहारीच्या वाळूत जीप चालवू नये' हे कलम घालायचे सौ. विसरल्या. भाचा बोत्स्वानात नोकरीला, म्हणून आम्ही दोघे गेलो. तिथले मध्य कलहारी अभयारण्य १९६१ साली राखीव झाले. क्षेत्र सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सहावा हिस्सा; आणि त्यात डांबरी रस्ता शून्य!

वाळू लागली तसा भाचा म्हणाला, "मामा, चाकांतली निम्मी हवा काढू या."

"अरे, तीस वर्षं गाडी चालवतोय मी! बसकी चाकं फिरवायला आफ्रिकेत आलो काय?"

फर्लांगभर गेलो नाही तोच गाडी रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाके जागच्या जागी गरगरली आणि गाडी वीतभर खाली गेली. आणखी दाबला, गाडी पोटावर बसली. सूर्य मावळतीला, दिवसभरात दुसरी गाडी दिसलेली नाही, आणि दूर कुठेतरी सिंहाने डरकाळी दिली.

"काढ रे बाबा हवा!" मी म्हटले.

वाळू उपसून भाच्याने एकेक व्हॉल्व्ह दाबला. फुस्स! त्या आवाजात थोडा वाटा माझाही असावा. चाके पसरट झाली, भार जास्त वाळूवर वाटला गेला आणि गाडी हळूच वर आली.

रात्री तंबूत झोप येईना. मी नमलो तो भाच्याचे पटले म्हणून, की सिंह ओरडला म्हणून? भीतीपोटी आलेल्या नम्रपणाला नम्रपणा म्हणायचे का? साहेबापुढे हवा काढायची आणि घरी येऊन दुप्पट भरायची, हे मी जन्मभर केले. पण इथे माझ्या ताठ्याच्या गाडीत आणखी दोन जीव बसले होते. ताठा माझा, सिंहाने काही विचारून निवड केली नसती.

परतताना डांबरी रस्ता लागताच भाच्याने पंप काढला. "कमी हवेनं इथं चाक तापून फुटतं, मामा."

म्हणजे हवा हवीच. फक्त रस्ता बघून. मी पंप धरत म्हटले, "पुढच्या वेळी सिंह ओरडायच्या आधी सांगत जा."

"आधीच सांगितलं होतं, मामा."