परमुलखातील भरीत

थंडीचे दिवस आले की फोपनारच्या शिवारात भरिताचा बेत ठरतो. पऱ्हाट्यांचा जाळ करावा, त्यात हिरवी थोराड वांगी साल काळीठिक्कर होईपर्यंत भाजावी, लाकडी भांड्यात ठेचावी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालावी आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पंगत बसवावी, हा तापीच्या खोऱ्यातला परिपाठ. बऱ्हाणपूर जिल्हा मध्यप्रदेशात असला तरी येथील ताट खानदेशी आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चवीला मात्र प्रांताची सरहद्द ठाऊक नाही.

आमच्या आप्तांपैकी एक कुटुंब टोरोंटोस स्थायिक आहे. तेथे चौदा वर्षांची मुलगी व अकरा वर्षांचा मुलगा यांनी मागल्या हिवाळ्यात वडिलांच्या कचेरीतील पाहुण्यांसाठी स्वतः भरीत करण्याचे ठरविले. बाजारात वांगी मिळाली ती काळी, जाड सालीची. पऱ्हाटी कोठून आणावी? विजेच्या भट्टीत ती भाजली. पाहुण्यांना तिखटाची सवय नाही म्हणून मिरची चौथाईवर आणली. फोपनारहून आजी हे सारे फोनच्या पडद्यावर पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "चांगलेच झाले असेल रे बाळा, पण याला भरीत म्हणू नको." मुलाचा चेहरा उतरला. मी आजींजवळच बसलो होतो, आणि त्या क्षणी मला त्यांचेच म्हणणे पटले.

त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. प्रत्येक पिढीने एकेक जिन्नस गाळावा आणि नाव तेच ठेवावे, तर शेवटी नावच उरेल. तथापि अन्न कोणासाठी शिजविले, हा प्रश्न त्याहून आधीचा आहे. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला माता, पिता व आचार्य यांच्या पंक्तीस बसविले. पंचमहायज्ञांतील मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीचा सत्कारच होय. पाहुण्याची जीभ भाजली आणि ताट तसेच राहिले, तर आपण परंपरा राखली की आपला हट्ट राखला?

शिवाय ज्या मिरचीसाठी आपण इतके आग्रही आहोत, ती आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यानंतर ती आपल्या स्वयंपाकघरात आली. वांगे तेवढे येथले. म्हणजे आजींच्या आजींच्या आजींनी केव्हातरी या परक्यांना आपल्या चुलीशी जागा दिली असली पाहिजे. (टोरोंटोत मिरची एका अर्थी माहेरीच गेली म्हणावयाची!)

कोकणातील बेने इस्राएल समाजाकडे पाहावे. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य इस्राएलला गेले. पण पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा त्यांच्या शुभकार्यांत तेथेही होतो आणि जमलेल्या सर्वांना वाटला जातो. मलिदा टिकला तो वाटला गेल्यामुळे.

याच फोपनारात १९६४ साली बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांपैकी काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मूर्ती जशी होती तशीच ठेवणे हा तिचा सन्मान. भरीत मात्र काचेआड ठेवता येत नाही. ते दर वेळी नव्याने भाजावे लागते, हाती येईल त्या वांग्याचे.

मग बंधन काहीच नाही काय? माझ्या मते एक आहे, आणि ते त्या मुलीनेच पाळले. पाहुणे वाखाणू लागले तेव्हा ती म्हणाली, "आमच्या गावी हे शेतात जाळावर भाजतात. तो धुराचा वास याला नाही. खरे भरीत खावयाचे तर आजीकडे चला." उणेपण लपविले नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही. पाहुण्याला खरे सांगणे हाही त्याच्या पाहुणचाराचाच भाग आहे. मुलांना कृती पाठ करवून घेणारे आपण इतके शिकवितो का, याची मला शंका आहे.

हे आजींच्या कानी गेले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर नातीला त्यांनीच फोन लावला. वांगी ठेचल्यावर वाटीत निखारा ठेवून वर तुपाचे दोन थेंब सोडावे आणि झाकण घालावे, म्हणजे थोडा वास उतरतो, असे सांगितले. आणि मग विचारले, "पाहुण्यांनी पुन्हा वाढून घेतले का गं?"