औषध आणि मुलाचे स्वत्व

मूड डिसऑर्डर म्हणजे भावस्थितीचा विकार. बालवयात त्याचे नैराश्य आणि बायपोलर असे दोन मुख्य प्रकार दिसतात. लहान मुलाचे नैराश्य अनेकदा रडण्यातून कमी आणि चिडचिड, पोटदुखी, शाळेत जायला नकार यांतून जास्त बाहेर येते. समुपदेशनाने पुरेसा उतार पडला नाही किंवा मुलाच्या जिवाला धोका दिसला, तर बालमनोविकारतज्ज्ञ औषध सुचवतात. अशा वेळी मात्रा आणि दुष्परिणामांपलीकडचे काही प्रश्न पालकांपुढे उभे राहतात. मनाचे दुखणे गोळीने कसे बरे होईल? हे दुखणे कुणाच्या कर्माचे फळ आहे काय? औषधाने निवळलेले मूल मूळचे मूल राहील काय? आणि त्याच्या वतीने हा निर्णय घेण्याचा अधिकार पालकांना कुठून मिळतो?

पहिल्या प्रश्नाचा विचार छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि तोही बाप-लेकाच्या संवादात. बारा वर्षे वेद शिकून आलेल्या श्वेतकेतूला उद्दालक आरुणी सांगतो की मन अन्नमय आहे. मुलाला ते पटावे म्हणून तो त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहायला लावतो आणि मग ऋचा, यजू, सामे म्हणायला सांगतो. श्वेतकेतूला काहीच आठवत नाही. जेवून आल्यावर मात्र विचारलेले सारे तो सांगतो. सांख्य दर्शनही बुद्धी, अहंकार आणि मन यांना प्रकृतीची, म्हणजे जड तत्त्वाची कार्ये मानते. साक्षी पुरुष त्यांहून वेगळा. या विचारात शरीरात गेलेल्या द्रव्याचा मनावर परिणाम होणे यात विपरीत काही नाही आणि आत्म्याला त्याने बाधाही येत नाही. अशा द्रव्याचे उदाहरण म्हणजे बायपोलर विकारात वापरले जाणारे लिथियम; ते खनिजांत सापडणारे मूलद्रव्य आहे. उन्मादावरचा त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला.

श्वेतकेतूच्या कथेतून आणखी एक गोष्ट निघते. अन्नाने त्याला वेद शिकवले नाहीत; शिकलेले आठवण्याची ताकद तेवढी परत दिली. औषधाचे कामही इतकेच असते. राग आवरायला शिकणे, मैत्री टिकवणे, अपयश पचवणे हे गोळी शिकवत नाही. ते शिकण्याइतके स्वास्थ्य ती मिळवून देते. म्हणून औषध सुरू झाले की समुपदेशन, वेळेवर झोप आणि घरातली माया यांची गरज संपत नाही, उलट त्यांचा उपयोग होऊ लागतो.

दुसरा प्रश्न कर्माचा. आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कुलदैवताचा नवस फेडायचा राहिला, असली कारणे नातेवाइकांकडून ऐकू येतात आणि आई-वडील मनातल्या मनात अपराधी होऊन बसतात. चरकसंहिता पूर्वकर्माला रोगाचे एक कारण मानते, पण तिथे थांबत नाही. तिच्या विमानस्थान या भागात शिष्य अग्निवेश आयुष्य नियत असते का असे विचारतो, तेव्हा गुरू आत्रेय सांगतात की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते; सारेच आधी ठरलेले असते तर औषधाला अर्थच उरला नसता. आजचे वैद्यकशास्त्र आनुवंशिकता आणि परिस्थिती यांच्याकडे बोट दाखवते. आईच्या ग्रहण न पाळण्याला त्यात काहीही स्थान नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही दुसऱ्याच्या मुलाचा न्यायनिवाडा करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. कारण कोणतेही असो, समोरच्या मुलाचे दुःख हलके करणे हे कर्तव्य तसेच राहते.

चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र-होमादींची दैवव्यपाश्रय, आहार-औषधांची युक्तिव्यपाश्रय आणि मनाला अहितापासून आवरणारी सत्त्वावजय. घरात प्रार्थना होणे, देवापुढे दिवा लागणे याला औषधाचा विरोध नाही. श्रद्धा औषधाची जागा घेऊ पाहते, तिथे मात्र धोका सुरू होतो. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण होरपळून मेले. दर्ग्याच्या आधाराने बरे होतील या आशेने त्यांना तिथे ठेवले होते.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. औषध माणसाचे व्यक्तिमत्त्वच बदलते काय, ही चर्चा पीटर क्रेमर यांच्या १९९३ च्या ‘लिसनिंग टू प्रोझॅक’ या पुस्तकाने जगभर पोहोचवली. मुलांच्या बाबतीत ती अधिक नाजूक आहे, कारण त्यांचा स्वभाव अजून घडतच असतो. मूल किती गप्प बसते, ही औषध लागू पडल्याची खूण नव्हे. त्याच्या आवडी परत आल्या का, ते खेळात रमते का, भावंडाशी भांडून पुन्हा गट्टी करते का, हे पाहायचे असते. मूल नुसते मंद आणि आज्ञाधारक झाले असेल, तर डॉक्टरांना ते सांगायलाच हवे.

इथे घरातले एक वाक्य जपून वापरावे लागते. मूल चिडले की कुणीतरी विचारते, “आज गोळी घेतली नाहीस का?” धाकट्याने चित्र फाडले म्हणून आलेला राग रास्त असतो, या वाक्याने तो आजार ठरतो. रागवण्याचा, रुसण्याचा हक्क मुलाकडून हिरावला गेला, तर औषधाने नव्हे, पण घराने त्याचे स्वत्व हिरावलेले असते.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अज्ञान मुलाच्या वतीने त्याचा कायदेशीर पालक निर्णय घेतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मात्र मुलाचे म्हणणे त्याच्या वयानुसार विचारात घेण्यास बजावते. तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये मुलाच्या ‘खुल्या भविष्याचा हक्क’ मांडला: मोठेपणी ज्या निवडी मुलाने करायच्या, त्यांची दारे पालकांनी आजच बंद करू नयेत. उपचार न केलेला आजार ही दारे बंद करतो, आणि बेफिकिरीने दिलेले औषधही करू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये नैराश्यविरोधी औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. त्यामागच्या २४ चाचण्यांच्या पाहणीत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के, तर औषधाऐवजी नकली गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळले. प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत बारीक लक्ष ठेवणे, लिथियम असेल तर शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी रक्ताची तपासणी करणे आणि गोळी परस्पर बंद न करणे हा या अधिकाराचाच भाग आहे.

सत्य सांगणे हाही त्याचाच भाग. गोळी श्रीखंडात लपवून दिली तर मात्रा पोटात जाते, पण कळल्या दिवशी विश्वास जातो. सहा-सात वर्षांच्या मुलालाही “तुला फार राग येतो, रडू येते, ते कमी व्हावे म्हणून हे औषध आहे, तुझी काही चूक नाही” हे समजते. त्याने “मी वेडा आहे का?” असे विचारले, तर “नाही” हे उत्तर ठामपणे द्यावे.

पालक हे मुलाचे मालक नव्हेत, विश्वस्त आहेत. मूल वाढेल तसतसा औषधाविषयीचा निर्णय थोडाथोडा त्याच्या हाती सोपवत जाणे, आणि एक दिवस तो पूर्णपणे त्याचा होणे, हीच या विश्वस्तपणाची खरी पूर्तता आहे.