आमटीत पाणी

पंक्तीला पन्नास पानं सांगितलेली असावीत आणि ऐनवेळी नव्वद मंडळी दारात उभी राहावीत, तेव्हा यजमानापुढे दोनच मार्ग उरतात. आमटीत पाणी घालून सगळ्यांना बसवायचं, नाहीतर आमटी दाट ठेवून चाळीस जणांना हात जोडायचे. पहिल्यात सगळ्यांवर थोडा अन्याय, दुसऱ्यात थोड्यांवर सगळा. हा प्रश्न मला लग्नकार्यात कधी पडला नाही (ती कामं आमच्याकडे सौ. बघते). पडला तो २००७ साली, एका सिनेमाच्या डीव्हीडीची नक्कल करताना.

विकतची चकती बहुधा दोन थरांची असे. एकाच बाजूला एकाखाली एक असे दोन थर, आणि पहिला अर्धपारदर्शक, म्हणजे किरण त्यातून आरपार दुसऱ्यापर्यंत पोचतो. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात नायक क्षणभर थिजल्यासारखा उभा राहतो, तो अभिनय नसतो. किरण थर बदलत असतो. अशा चकतीत साडेआठ गिगाबाइट मावतात. तपकीर गल्लीत पंधरा-वीस रुपयांना मिळणाऱ्या कोऱ्या चकतीत मात्र ४.७. म्हणजे पन्नास पानं आणि नव्वद माणसं. दोन थरांच्या कोऱ्या चकत्या २००४ पासून निघाल्या होत्या. पण भाव ऐकून मी दुकानदाराला ‘जरा बघून येतो’ म्हणालो. पुण्यात याचा अर्थ दोन्ही पक्षांना कळतो.

मुळात नक्कल कशाला? तर खालच्या मजल्यावरच्या अण्णांना तो जुना सिनेमा बघायचा होता. अण्णा ऐंशीच्या पुढचे. बावीस वर्षांच्या शेजारात त्यांनी साधी पायलीभर गोष्टसुद्धा मागितलेली नव्हती. पण मी वस्तू उसनी देत नाही. उसनं गेलेलं पुस्तक परत येत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. माझ्या कपाटात तशी तीन आहेत. नक्कल केली की चकतीही घरात राहते आणि दानाचं पुण्यही पदरात पडतं. दान अर्थात निर्मात्याच्या खिशातलं. पण निर्माता काही आमच्या सोसायटीत राहत नव्हता.

चकतीला कुलूप असतं, हेही खरं. ते उघडणारा प्रोग्रॅम १९९९ मध्ये नॉर्वेतल्या एका पोराने जगापुढे ठेवला. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो सुटला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने, हक्क बुडवण्याच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा ठरला, कैद दोन वर्षांपर्यंत. खासगी वापरापुरती वाजवी सवलत १९५७ च्या कायद्यात आहे. आता शेजारी हा आपल्या ‘खासगी’त मोडतो की नाही? वाड्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता. शिवाय याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. तेव्हापासून ‘नक्कल म्हणजे पाप’ असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर डीव्हीडी श्रिंक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम होता (फुकट म्हणून त्याच्यावर माझी विशेष श्रद्धा). तो दोन्ही करायचा, पाणीही घालायचा आणि माणसंही कमी करायचा. आधी पाणी घालून पाहिलं. उजेडातले प्रसंग ठीक आले, पण अंधारात नायिकेच्या गालांवर फरशी बसवल्यासारखे चौकोन उमटले. ते बघवेना. मग ठरवलं, जे जाईल ते चोख जाऊ दे. मुलाखती काढल्या, झलक काढली, परभाषेतले ध्वनिपट काढले. काढताना हाताला एक गोडी लागते. बदलीवर आलेल्या नव्या साहेबाला लागते तशी. तरीही शे-सव्वाशे मेगाबाइट जागा कमीच पडत होती. मग सुरुवातीच्या चार मिनिटांच्या श्रेयनामावलीच्या पाट्या उडवल्या आणि सिनेमा टिच्चून बसला.

मनाला थोडं लागलं, नाही असं नाही. नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, तेव्हा नाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली आणि आपली ओवी तिच्यात घुसडणाऱ्याला चांगलंच खडसावून ठेवलं. पण मी काही घुसडलं नव्हतं. नुसतं गाळलं होतं. असा बारीक युक्तिवाद मला अपराधाच्या वेळी फार चटकन सुचतो.

तिसऱ्या दिवशी अण्णा जिना चढून वर आले. चकती कागदी पाकिटात, पाकीट पिशवीत.

“छान आहे. स्वच्छ दिसतं अगदी. याला नावं नाहीत का हो?”

“सुरुवातीची? ती कोण वाचतं अण्णा! जागा पुरेना, म्हणून काढली.”

“हो का.” ते खुर्चीच्या कडेवर टेकले. “आमचा थोरला भाऊ होता त्यात. ध्वनिमुद्रणाला साहाय्यक. चौथी पाटी, खालून दुसरं नाव. तेवढ्यासाठी आम्ही दोनदा थेटरात गेलो होतो, आईला घेऊन. सिनेमा तसा माझा पाहिलेला आहे हो.”

सौ. स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी उठलो, कपाट उघडलं आणि मूळ चकती डबीसकट त्यांच्या हातात दिली.

अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत ठेवली. “कधी परत करू?”

“सावकाश,” मी म्हणालो.

“हा तारीख न घालताच देतोय?” सौ. म्हणाली, आणि तिने अण्णांपुढे चहा ठेवला.