बंदीतला नाताळ

आमच्या वर्गातल्या एका मुलाने परवा वहीत एक गोष्ट लिहून आणली. पुढल्या कुठल्याशा शतकात सरकारने नाताळावर बंदी घातली आहे, नाताळ एका पोलादी पेटीत कोंडून चंद्रावर ठेवला आहे, आणि एक धाडसी पोरगा अग्निबाणात बसून त्याची सुटका करायला निघाला आहे. गोष्टीला मी दहापैकी आठ गुण दिले. (दोन शुद्धलेखनाचे कापले, ती माझी जुनी खोड!) पण वाचता वाचता मनात आले, की या पोराला एवढे पुढे जायची गरजच नव्हती. पावणेचारशे वर्षे मागे गेला असता तरी त्याचे काम भागले असते.

इंग्लंडात १६४७ साली पार्लमेंटने खरोखरच नाताळ रद्द केला होता. करणारे कोणी राक्षस नव्हते, बरे का! प्युरिटन मंडळी देवभीरू. त्यांचे म्हणणे एवढेच, की पंचवीस डिसेंबरला बायबलात आधार नाही, आणि लोक त्या दिवशी दारू पितात, जुगार खेळतात. यांतले खोटे काय होते? शिवाय नोकरचाकरांची आणि विद्यार्थ्यांची सुट्टी बुडू नये म्हणून त्यांनी दर महिन्याचा दुसरा मंगळवार करमणुकीसाठी नेमून दिला. कायद्याने नेमलेला आनंदाचा मंगळवार! हिशेबाने पाहिले तर वर्षाला बारा सुट्ट्या. तक्रारीला जागा नाही. तरीही त्या डिसेंबरात कँटरबरी शहरात दंगल उसळली. लोकांनी दारांवर हॉलीच्या हिरव्या डहाळ्या लावल्या, भर रस्त्यात फुटबॉल खेळले, आणि हुकुमाप्रमाणे ज्यांनी दुकाने उघडली त्यांचा माल रस्त्यावर भिरकावला. समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९पासून १६८१पर्यंत नाताळ पाळणाराला पाच शिलिंग दंड होता. इंग्लंडात १६६० साली राजा परत आला आणि नाताळही उजळ माथ्याने परतला.

सज्जन माणसाने, सद्हेतूने, दुसऱ्याचा आनंद थांबवावा काय? ‘नाही’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मी पडलो मास्तर. दिवसातून दहादा मुलांचा आनंद थांबवतो, आणि तोही त्यांच्याच भल्यासाठी. घरीही तेच. वडील गेले त्या वर्षी मी सांगून टाकले, ‘यंदा आपल्याकडे दिवाळी नाही.’ रीतच ती. आणि दुःखही काही दिखाऊ नव्हते. नरकचतुर्दशीच्या पहाटे मागल्या दारी गेलो, तर तुळशीपाशी एक पणती तेवत होती. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ती लावली होती. आजोबांना आवडायची म्हणून. मी ती विझवली नाही. पण ‘बरे केलेस, बाळ’ असेही म्हणालो नाही. ते न म्हटल्याचे अजून खुपते. माझ्या शोकात मी सगळे घर धरले होते, आणि तिला तिचा शोक निराळ्या तऱ्हेने करायचा होता, हे माझ्या ध्यानीच आले नाही.

आणि कँटरबरीच्या त्या दुकानदारांचे काय? त्यांतल्या एखाद्याला खरोखरच त्या दिवशी दुकान उघडावेसे वाटले असेल, तर त्याचा माल गटारात का जावा? सणाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांचे हातही फार लवकर उगारले जातात.

मुलाला मी विचारले, ‘काय रे, पेटी उघडल्यावर आत काय निघाले, ते लिहिलेच नाहीस?’

तो डोके खाजवीत म्हणाला, ‘सर, ते मलाच ठरवता येईना. म्हणून अग्निबाण परत निघाला, तिथेच गोष्ट संपवली.’