भयकाळी अनन्यता

भय हा जीवाचा स्वभाव आहे. देह नश्वर, ज्ञान अल्प आणि काळ अनिश्चित. अशा जीवाला भय वाटावे यात नवल नाही, आणि केवळ भय वाटल्याने भक्ती भंगते असेही नाही. विचारणीय प्रश्न निराळा आहे. भय उपजले असता जीव कोणाला शरण जातो?

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न होत, हा आपल्या शास्त्राचा पाया. देवता आपापल्या अधिकारानुसार फळ देतात. ते भोगून संपते. मोक्षदाता एक परमेश्वरच. सुखाच्या दिवसांत हा भेद सर्वांना मान्य असतो. परंतु लेकरू तापाने फणफणले की तोच वासनिक शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नवस बोलतो आणि 'परमेश्वर सोडला नाही, केवळ जोडीला एक आधार घेतला', असे स्वतःचे समाधान करतो. वैद्याला बोलावणे अनन्यतेच्या आड येत नाही, कारण औषध हे साधन होय, उपास्य नव्हे. नवसात मात्र उपास्यच वाटले जाते.

येथे कोणी विचारील, संकट टळेल अशी हमी नसेल तर विश्वास तरी कशाचा? याचे उत्तर पंथाच्या आरंभकाळीच मिळते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा भक्तजनांवर असन्निधानाचा काळ ओढवला. पुढे श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान अंतरले. या दुःखात श्रीनागदेवाचार्यांनी मार्ग सांभाळला. म्हाइंभटांनी ज्याने जी लीळा पाहिली-ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती विचारली, आचार्यांकडून पारखून घेतली आणि लीळाचरित्र सिद्ध केले. वियोग टळला नाही. स्मरण मात्र उभे राहिले.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि चौदाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच यादवांचे राज्य लयाला गेले. त्या धामधुमीत पोथ्या हरवल्या. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्याकडून त्या पुन्हा लिहविल्या गेल्या, असे परंपरा सांगते. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ हे त्याचेच चिन्ह होय. जे पोथ्या घेऊन पळाले, त्यांना अविश्वासी कोण म्हणेल? त्यांनी देह वाचविला, गाव सोडले, परंतु वचन सोडले नाही.

इ. स. २०२० मध्ये महासाथीमुळे महाराष्ट्रातील धार्मिक स्थळे मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. स्थानवंदन अंतरले, पुष्कळांच्या घरी मृत्यूही आला. पण नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांच्या स्मरणाला कोणते द्वार आड येते? असन्निधानात करावयाचे जे विधान पूर्वीच्या भक्तांना होते, तेच त्या दिवसांतही होते.

म्हणून विश्वास म्हणजे अनिष्ट घडणारच नाही अशी कल्पना नव्हे. तशी कल्पना पहिल्याच आघाताने मोडते आणि मग जीव परमेश्वरालाच दोष देतो. विश्वास म्हणजे परिणाम अज्ञात असतानाही शरण्य न बदलणे आणि विहित आचरण न टाकणे. भयभीत साधकाने 'माझे भय गेले का?' असे न विचारता, 'भयामुळे माझे स्मरण सुटले का?' असे विचारावे. स्मरण सुटले नसेल, तर हातपाय कापत असतानाही तो अनन्यच आहे.